माझ्या नावावर चाललेलं लायसन

"बावीक हात लावू नको गो. गडी काढून देतलो."

म्हातारी पडवीत बसून म्हणाली. ओरडली नाही. दारातली कोंबडी हाकलावी इतक्या सहज म्हणाली. माझ्या हातात दोर होता आणि कळशी विहिरीत अर्ध्यावर गेली होती. ती खाली सोडू की वर ओढू, मला कळेना.

तळेऱ्याहून देवगडकडे जाताना कातळ लागतो, त्या कातळावरचं ते घर. भोवती हापूसची कलमं. मालक मुंबईला, इथे त्याची आई. पर्यटकांसाठी खोल्या काढल्या होत्या, सहा खोल्या, सहा एसी. त्या घराचं वायरिंग मी केलं होतं, म्हणजे मी आणि हाताखालचे दोघे. तीन आठवडे त्या घरात वावरले. भिंती फोडल्या, पाइप टाकले, बोर्ड बसवले. तेवढे दिवस कोणी काही बोललं नाही, कारण म्हातारी तेव्हा मुंबईला लेकाकडे होती. ती आदल्या रात्री आली आणि सकाळी मला बघून पहिला प्रश्न तिने वायरिंगचा विचारला नाही.

"आडनाव काय गो तुझा? वाडी खंयची?"

मी सांगितलं. का नाही सांगायचं? बौद्धवाडीतली आहे ती आहे.

आमचा ठेकेदार गाडीला टेकून उभा होता. सगळे त्याला अण्णा म्हणतात, मीही म्हणत होते. मोठं घराणं, गावच्या जत्रेत पहिला मान त्याचा. तो हसला. "काकी, तां चेडू साधा आसा. तेका ठावक नाय." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सोड ती कळशी. बाजूक उभी रव."

साधं चेडू, म्हणजे पोरगी. बत्तीस वर्षांची बाई मी.

गडी आला. त्याने दोर माझ्या हातातून घेतला, कळशी वर ओढली. तिच्यात पाणी आलं होतं. ते त्याने बाजूच्या माडाच्या मुळात ओतलं, कळशी विसळली, आणि नव्याने पाणी काढलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. त्यालाही लाज वाटली असेल. पण त्याने कळशी विसळली.

आता हे पाणी मला कशाला हवं होतं, ते सांगते. प्यायला नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात ओतायला.

घरातली वीज कुठे चुकून बाहेर आली, फ्रिजच्या पत्र्यावर किंवा गिझरच्या नळात, तर तिने माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जावं, म्हणून खड्ड्यात पाइप पुरतात. कोळसा, मीठ घालतात. वीज ओल्या मातीत चटकन मुरते. पण आमच्याकडे माती कुठे? खाली जांभा. खड्डा खोल न्यायचा तर दगड फोडायला मशिन लागतं, मजूर लागतात, पैसे लागतात. मग काय करतात, तर हातभर खड्डा काढतात आणि तपासणीच्या दिवशी त्यात मिठाचं पाणी ओततात. तासाभरात यंत्राचा काटा हवा तिथे येतो. आकडा रिपोर्टवर चढतो. सही होते. वीज कंपनी मीटर देते. मग चैत्र-वैशाखात खड्डा कोरडाठाक पडतो, आणि तेव्हा तो आकडा कोणी परत मोजायला येत नाही.

आमच्या भागात कितीतरी घरांत फ्रिजपुढे रबरी सपाता ठेवलेल्या असतात. फ्रिज उघडायचा तर आधी सपाता घालायच्या. पाहुण्यालाही सांगतात, "सपाता घाल, मगे उघड. जरासो झिणझिणता." जरासो. लोकांनी त्याची सवय करून घेतली आहे, जशी पुष्कळ गोष्टींची करून घेतली आहे.

तर ते पाणी गड्याने खड्ड्यात ओतलं. मी मोजलं. आकडा सुरेख आला. येणारच होता.

अण्णाने गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवला. टेस्ट रिपोर्ट. खाली दोन सह्या लागतात, ठेकेदाराची आणि सुपरवायझरची, म्हणजे माझी. त्याची झालेली होती. काम बघायला तो त्या घरी पहिल्यांदा त्या दिवशी आला होता, तरी सही आधीच झालेली. पेन त्याने माझ्यासमोर धरलं.

मी पेन घेतलं नाही.

"पाणी सुकल्यावर मोजते," मी म्हटलं.

"सुकल्यावर बघूक कोण येतलो?"

"मी."

तो परत हसला, पण या वेळी डोळ्यांनी नाही. "खाली माडांकडे ओली माती आहे," मी म्हटलं. "तिथे पाइप पुरू, वर तार आणू. दोन दिवसांचं काम." तो म्हणाला, मालकाकडून घेतले तेवढेच पैसे, यात एक पैसा वाढवून मिळणार नाही. मग आवाज खाली आणून म्हणाला, "काकी बोलली म्हणान तू असा करतंस. रागान माणूस खुळो जाता. उद्या ऑफिसात ये, सही कर आणि मोकळी हो."

काकी बोलली म्हणून करत होते का मी? तेव्हा मला सांगता आलं नसतं. आज सांगते. हो, त्यामुळेही. ती विहीर आणि तो कागद मला वेगळे काढता येईनात. ज्या घराच्या पाण्याला माझा हात चालत नाही, त्या घराच्या कागदावर मात्र माझा हात हवा. तोही खोटं लिहायला.

अण्णा गाडी घेऊन निघून गेला. मी रस्त्यावर आले आणि एसटीची वाट बघत उभी राहिले. उभी कुठली, फेऱ्या मारत होते. दोन गाड्या गेल्या, मला हात करायचं सुचलं नाही.

मी आयटीआयला गेले तेव्हा आमच्या तुकडीत मुलगी मी एकटी. घरी वडील गवंड्याच्या हाताखाली जात. ते म्हणाले, शिवण शीक. मी म्हटलं, तारा जोडायला शिकते. आमच्या वाडीत विजेचा खांब सगळ्यांत शेवटी आला होता. लहानपणी मी तो खांब चढणाऱ्या माणसाकडे तोंड वर करून बघत राहिले होते, मान दुखेपर्यंत. ते कुठेतरी मनात बसलं असावं.

आयटीआयनंतर वायरमनचा परवाना काढला. मग अण्णाकडे लागले. पुढे सुपरवायझरच्या परीक्षेला बसायचं तर ठेकेदाराकडून अनुभवाचा दाखला लागतो. अण्णाने दिला. दिला म्हणजे उपकार केला, असं त्याने मला पुढे दर महिन्याला ऐकवलं. मी पास झाले. सर्टिफिकेट आलं. वाडीत पेढे वाटले. अण्णाने त्याच आठवड्यात ते मागून घेतलं आणि फ्रेम करून आपल्या ऑफिसात लावलं. त्याच्या लायसनशेजारी. मला अभिमान वाटला होता. भिंतीला भोक मीच पाडलं, खिळा मीच ठोकला.

त्याने ते का लावलं, हे मला नीट ठाऊक नव्हतं. एवढंच माहीत होतं की त्याचा जुना सुपरवायझर आजारपणाने घरी बसला आणि आता कागदावर माझं नाव आहे. माझा पगार मात्र हाताखालच्या माणसाचा. ऑफिस झाडायचं मी. फोन घ्यायचा मी. कोणी मोठं गिऱ्हाईक आलं की चहा मी करायचा. एकदा एका गिऱ्हाइकाने भिंतीवरच्या सर्टिफिकेटावरल्या फोटोकडे आणि माझ्याकडे बघून विचारलं, "ह्या ह्याच काय?" अण्णा म्हणाला, "नाय, दिसता तसा." आणि मी चहाचा ट्रे ठेवून आत गेले. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. तो वाळासुद्धा त्याच्या भिंतीवर.

असे लोक आमच्या जिल्ह्यात थोडे नाहीत. परवाना एकाचा, धंदा दुसऱ्याचा. कोणी सुपरवायझर दुसऱ्याच जिल्ह्यात नोकरी करतो, आणि इथे त्याच्या नावावर घरांना मीटर मिळतात. वर्षाचे ठरलेले पैसे त्याच्या घरी पोचतात. त्याने ती घरं बघितलेली नसतात. ठेकेदाराच्या नुसत्या सहीचाही दर असतो, साध्या घराला एक, हॉटेलला दुसरा. धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. कोणी त्याला चोरी म्हणत नाही. रिवाज म्हणतात. आमच्याकडे ज्याला रिवाज म्हणतात त्यात कोणीतरी भरडलं जातं हे मी घरातूनच शिकले आहे.

दुसऱ्या दिवशी मी अण्णाच्या ऑफिसात गेले नाही. ओरोसला गेले, जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षकांच्या ऑफिसात. काय विचारायचं ते ठरलेलं नव्हतं. पाय तिकडे गेले.

खिडकीमागे एक मॅडम होत्या. मी अण्णाच्या फर्मचं नाव सांगितलं. त्या मान वर न करता म्हणाल्या, "लायसनचं काम असेल तर त्यांच्या सुपरवायझरला पाठवा."

"मीच सुपरवायझर."

त्यांनी मान वर केली. वरपासून खालपर्यंत बघितलं, चपलांपर्यंत. मग संगणकाकडे बघितलं.

"हो. तुमचंच नाव आहे. पूर्णवेळ, पगारी." त्यांच्या चेहऱ्यावर जरा ओशाळलेपण आलं. "मला वाटलं, तुम्ही त्यांच्याकडे फायली वगैरे..."

तेही करते, मी म्हटलं. मग मी विचारलं, मी नाव काढून घेतलं तर?

त्या सरळ म्हणाल्या, "मग त्यांना दुसरा सुपरवायझर दाखवावा लागेल. तोपर्यंत नवीन काम घेता येत नाही."

"परत सांगा."

"काय?"

"हेच. परत सांगा."

त्यांनी परत सांगितलं. जरा वैतागून सांगितलं, पण सांगितलं. मी खिडकीची कड धरली होती. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी अण्णाच्या आधाराने उभी आहे. त्याचं ऑफिस, त्याची गाडी, त्याचं गिऱ्हाईक. आणि तो माणूस माझ्या नावावर उभा होता. मी झाडत होते ती जमीन माझी होती. आयजीच्या जिवावर बायजी उदार, आणि वर आयजीलाच सांगायचं, बाजूक उभी रव.

मला आनंद झाला नाही. खरं सांगते, राग आला. स्वतःचा आला. मग त्याचा आला. मग जिन्यावर उभी राहून मी रडले, आणि रडताना लोक जातायेता बघत होते त्याचाही राग आला.

परत वर गेले. स्वतःचं लायसन काढायला काय लागतं ते विचारलं. मॅडमनी नीट समजावलं. मी स्वतःच सुपरवायझर असल्याने वेगळा ठेवायची गरज नाही. पण एक माणूस दोन लायसनवर चालत नाही, म्हणून आधी तिथून राजीनामा. मूळ सर्टिफिकेट दाखवायचं. ऑफिसला जागा हवी, भाडेकरार चालतो. मोजायची यंत्रं स्वतःची हवीत, बिलासकट. सरकारी चलन भरायचं, ते फार नाही, एका साध्या मोबाईलच्या किमतीएवढंसुद्धा नाही. खरा खर्च यंत्रांचा. खरा खर्च, असं मी तेव्हा समजत होते.

तिथून अण्णाच्या ऑफिसात. तो एकटाच होता. टेबलावर तोच रिपोर्ट, पेन वर ठेवलेलं.

"इलंस? कर सही."

"माझं सर्टिफिकेट द्या."

त्याला आधी ऐकूच आलं नाही बहुतेक. मी परत म्हटलं. मग तो खुर्चीत मागे रेलला आणि गोड झाला. पगार वाढवतो म्हणाला. काकीचं मनावर घेऊ नकोस, जुनी माणसं, आज आहेत उद्या नाहीत. मी ऐकून घेतलं. जुनी माणसं. कळशी विसळणारा गडी माझ्याच वयाचा होता, आणि बाजूला उभं राहायला सांगणारा माझ्यासमोर बसला होता.

"द्या," मी म्हटलं.

मग गोडवा गेला. "मी दाखलो दिलंय म्हणान तू सुपरवायझर झालंस. इसारलंस?"

"काम केलं म्हणून दिलात."

तो उठला. टेबलावर हात ठेवून पुढे वाकला आणि जे म्हणाला ते मी शब्दाला शब्द लिहिते.

"लायसन व्हया तुका? काढ. कागद गावतलो. पण गिऱ्हाईक खंयसून हाडतलंस? कोण घेतलो तुका घरात?"

हे त्याने रागाने म्हटलं असतं तर मी उलट बोलले असते. पण तो खरं सांगत होता, म्हणून ते आत गेलं. त्याला या धंद्याची सगळी घरं माहीत होती. कुठल्या पडवीपर्यंत मला जाता येतं आणि कुठून पुढे नाही, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. इतकी वर्षं तोच मला आत नेत होता, त्याच्या आडनावाखाली.

मी खुर्ची ओढली, वर चढले, फ्रेम खिळ्यावरून उतरवली. तो बघत राहिला. अडवलं नाही. अडवायला त्याला मला हात लावावा लागला असता.

राजीनामा मी रजिस्टर पोस्टाने पाठवला. एक प्रत ओरोसला दिली.

पुढचे दिवस वाईट गेले. उगाच शूर म्हणवून घेत नाही. पगार बंद. बचत गटातून कर्ज काढलं, यंत्रं घेतली, वाडीच्या तोंडाशी एक पत्र्याची खोली भाड्याने घेतली. लायसन यायला वेळ लागला, तोवर आई मला बघून उसासे टाकायची. त्याच काळात कणकवलीकडच्या एका ठेकेदाराचा फोन आला. त्याला सुपरवायझर हवा होता, कागदावर. म्हणाला, यायची गरज नाही, घरी बसा, वर्षाचे पैसे घरपोच. आकडा बरा होता. अण्णाच्या पगारापेक्षा बरा.

आईने ऐकलं. "घरबसल्या येतत पैशे. कित्याक नाय म्हणतंस?"

"बघितलं नाही त्याच्याखाली नाव घालू?"

"सगळे घालतत."

"म्हणूनच."

ती चुकीचं बोलत नव्हती. चुलीपुढे बसलेल्या माणसाने काय बोलावं? पण त्या रात्री मी तिला विहिरीचं सांगितलं. आधी सांगितलं नव्हतं. तिने ऐकलं आणि इतकंच म्हणाली, "अजून?" त्या एका शब्दात तिचं सगळं आयुष्य होतं, आणि परत त्या फोनचा विषय तिने काढला नाही.

लायसन आलं. माझ्या नावावर. फ्रेम केली नाही, फायलीत ठेवलं.

गिऱ्हाईक मात्र अण्णा म्हणाला तसंच, मिळेना. वाडीतली कामं आली. आमच्यातल्याच एका मास्तरांचं घर आलं. एका ख्रिस्ती बाईंच्या बेकरीचं आलं, त्यांनी दर पाडून मागितला पण काम नीट करू दिलं. बाकी फोन येतात, दर विचारतात, पटतो, मग नाव विचारतात. आडनाव ऐकलं की "कळवतो" म्हणतात. कळवत नाहीत. शिव्या देणारे परवडले. हे कळवणारे मला झोपू देत नाहीत.

मागच्या महिन्यात मालवणात एक काम आलं. निवृत्त साहेब, शिकलेले, मोठ्या हुद्द्यावर राहिलेले. वायरिंग दुसऱ्या कोणी केलेलं, त्यांना मीटरसाठी रिपोर्ट हवा होता. मी म्हटलं, आधी सगळं तपासणार. ते हो म्हणाले. मला मॅडम म्हणाले. बाईंनी सरबत आणून दिलं, काचेच्या चांगल्या ग्लासात. मी तपासत गेले. हॉल, खोल्या, न्हाणीघर, स्वयंपाकघर. सगळं ठीक. एक दार बंद होतं.

साहेब पुढे आले. आवाज अगदी मऊ.

"ते राहू दे, मॅडम. देवघर आहे. एकच पॉइंट आहे आत. गैरसमज नको, वडील आहेत घरात, त्यांना चालत नाही."

"तो पॉइंट समईशेजारीच असेल ना?"

"हो, पण एकच."

"मग सही नाही."

"एका पॉइंटसाठी?"

"हो."

त्यांना खरंच समजेना. त्यांनी मला मॅडम म्हटलं होतं, सरबत दिलं होतं, दुप्पट फी द्यायलाही तयार झाले. आणखी काय हवं हिला? आतून म्हातारा खोकला. बाई नवऱ्याकडे बघत होत्या, मग जमिनीकडे. ते दार उघडायला कोणी हात पुढे केला नाही. मी यंत्रं पिशवीत भरली.

ते मागोमाग पायरीपर्यंत आले. "अहो, दुसरा कोणीही सही देईल," ते म्हणाले. दुखावल्यासारखे म्हणाले.

देईल. दिलीही असेल. त्या घरात आज दिवे लागले असतील, आणि मी महिन्याचा कर्जाचा हप्ता चुकवला आहे. यात माझा विजय कुठेही नाही.

पण हे मी ठरवलं आहे आणि हे बदलणार नाही. कायदा म्हणतो, सही करणाऱ्याने सगळं तपासलेलं असलं पाहिजे. सगळं म्हणजे सगळं. मी कोणाकडे पाणी मागणार नाही, मान मागणार नाही, मला माणूस म्हणा म्हणून हात जोडणार नाही. माझी सही हवी असेल तर घरातलं प्रत्येक दार उघडायचं आणि मी आत जाणार, चपला बाहेर काढून, यंत्र हातात घेऊन, शेवटच्या प्लगपर्यंत. एक दार बंद राहिलं तर कागद कोरा राहील.